उसाच्या गाड्यांना वायरलेस: एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

कारखाना दक्षिण महाराष्ट्रातला, सहकारी. नाव देत नाही. गाव, नदी, माणसं ओळखू येतील असे तपशीलही वगळले आहेत. मी वायरलेसच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. आधी संच विकले, आता विकत नाही, फक्त सल्ला देतो. २०२२ च्या जुलैत या कारखान्यातून फोन आला: "चेअरमनसाहेबांना गाड्यांवर वायरलेस बसवायचेत. पोलिसांच्या असतात तसले. कोणत्या कंपनीचे घ्यावेत, तेवढं सांगा."

या 'तेवढं'मध्ये पुढचे तीन हंगाम गेले.

आधी आकडे. गाळप दिवसाला ५,००० टन, म्हणजे तासाला २०८ टन. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर एका खेपेला वीस टनांच्या आसपास ऊस आणतो. म्हणजे गव्हाणीवर, मिलमध्ये ऊस टाकतात त्या जागी, तासाला दहा गाड्या तरी रिकाम्या व्हायला हव्यात, रात्रंदिवस, पाचेक महिने. त्यासाठी त्या वर्षी ३१० गाड्यांशी करार झाले होते. त्यांत २४० ट्रॅक्टर आणि ७० ट्रक. यातली एकही गाडी कारखान्याची नव्हती. मालक गावोगावचे. ते हंगामापुरती गाडी लावतात, उचल घेतात, ड्रायव्हर त्यांचा, डिझेल त्यांचं, टेपही त्यांचाच. टेपची गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

कार्यक्षेत्र दोन तऱ्हेचं. निम्म्याहून जास्त ऊस नदीकाठच्या सपाटीवरचा, आणि उरलेला पश्चिमेच्या दोन अरुंद खोऱ्यांतला, जिथे डोंगर रस्त्याला दोन्ही अंगांनी चिकटलेले. सपाटीवर मोबाईलला रेंज चांगली. खोऱ्यांत एका वळणावर चार काड्या आणि पुढच्या वळणावर काहीच नाही.

कारखान्याला वायरलेस नवीन नव्हतं. नव्वदच्या दशकात गट ऑफिसांत व्हीएचएफ या लहरींच्या पट्ट्यातले संच होते. शेतकी खात्यातली जुनी माणसं अजून सांगतात, की सकाळी साडेसहाला सगळे गट आळीपाळीने तोडीचा आकडा द्यायचे आणि ज्याचा आकडा कमी त्याचं तोंड सगळ्यांना ऐकू यायचं. मोबाईल आले, संच कपाटात गेले, परवान्याचं नूतनीकरण कुणी केलं नाही. अँटेनाचा तीस मीटरचा मास्ट मात्र उभा होता. त्यावर एक सीसीटीव्ही कॅमेरा आणि भरपूर कबुतरं.

अडचण नेमकी कोणती

चेअरमनांच्या मनात होता मागच्या हंगामातला एक अपघात. रात्री ट्रेलरचा आस तुटला आणि गाडी वळणावर आडवी राहिली. मागे रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेले. ड्रायव्हरने मालकाला फोन केला, मालकाने गट ऑफिसला, गट ऑफिसमध्ये रात्री कुणी नव्हतं. दुरुस्तीची जीप निघेपर्यंत एक मोटारसायकल ट्रेलरवर आदळून गेली होती. माणूस वाचला, पण पायाने अधू झाला.

शेतकी अधिकाऱ्यांची अडचण वेगळी होती. संध्याकाळी यार्डात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि पहाटे चार वाजता गव्हाण रिकामी. 'नो केन' म्हणून मिल थांबली की कारखान्यात प्रत्येकाला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं. उभी मिल पुन्हा चालू करायला वाफ जाते, वेळ जातो. रांगेत उभ्या उसाचं वजन घटतं, साखरही उतरते. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गाळला जावा हे सगळ्यांना पाठ असतं. २०२२-२३ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३०५ रुपये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, होती. तिथून प्रत्येक दशांश टक्क्याचा हिशेब होतो, त्यामुळे उतारा हा इथे गप्पांचा नाही, भांडणाचा विषय असतो.

ड्रायव्हरांना कुणी विचारलं नव्हतं. जुलैत ते शेतात होते. मी सहा-सात जणांना गाठलं. त्यांची तक्रार एकाच वाक्यात आली: "सायेब, आमचा नंबर कवा येणार एवढं सांगा, मग आमी घरी जाऊन भाकरी खाऊन येतो की."

म्हणजे एकाच खरेदीमागे तीन वेगळी कामं होती. रात्री बंद पडलेल्या गाडीची खबर ताबडतोब पोचवणं. यार्डातली आवक सारखी करणं. आणि ड्रायव्हरला त्याचा नंबर कळवणं. मी मागच्या हंगामाचे वजनकाट्याचे आकडे मागून घेतले आणि तासवार मांडले. संध्याकाळी सात ते मध्यरात्र लाट, पहाटे ओहोटी, रोज तोच नकाशा. कारण साधं होतं. टोळ्या उजाडताना तोडायला लागतात, दुपारनंतर मोळ्या भरतात, सगळ्या गाड्या एकदमच निघतात. हे वायरलेसने बदलत नाही. तोडीच्या वेळा मागेपुढे केल्या तरच बदलतं.

बैठकीत मी हे सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय पुन्हा कंपनीवर आला. मी तिथे जोर लावायला हवा होता. लावला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कुणीतरी बैठकीतच मांडला: "जुनीच फ्रिक्वेन्सी टाका ना. कोण बघतंय?" परवाना संपला की ती लहर आपली राहत नाही. ती आता दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते, अगदी पोलिसांना किंवा विजेच्या कंपनीलाही. आणि विनापरवाना संच नुसता जवळ बाळगणं हा १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून गुन्हा आहे, तो वापरला की नाही हा प्रश्न नंतरचा. हे मी लेखी दिलं. तोंडी सांगितलेलं ऑक्टोबरपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरा पर्याय परवानामुक्त संचांचा. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या वॉटचे हातातले संच परवान्याविना चालतात. लग्नाच्या हॉलमध्ये, मॉलमध्ये दिसतात ते. यार्डाच्या आत ते उत्तम. गाडीतून, तेही दोन्ही बाजूंना दहा-बारा फूट ऊस उभा असताना, किलोमीटरभर मिळालं तरी नशीब. बाजारात 'परवान्याची गरज नाही, वीस किलोमीटर रेंज' अशा जाहिरातींचे संच सर्रास मिळत होते. त्यातले बरेच त्या पट्ट्याबाहेर चालणारे असतात. पुढे २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीसाठी ऑनलाइन कंपन्यांना १३ नोटिसा काढल्या. २०२२ मध्ये मात्र खरेदी विभागाच्या मोबाईलवर तीच जाहिरात उघडी होती आणि माझा दर त्यांना महाग वाटत होता.

२७ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टाही पाच वॉटपर्यंत खुला आहे. अमेरिकेतले ट्रकवाले तोच वापरतात. पण त्याचा चतुर्थांश लांबीचा अँटेना पावणेतीन मीटरच्या आसपास जातो आणि आपल्याकडे ते संच दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. हा पर्याय दोन मिनिटांत संपला.

तिसरा पर्याय म्हणजे रीतसर परवान्याचं व्हीएचएफ, डिजिटल. डीएमआर या डिजिटल पद्धतीत साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर वेळ वाटून दोन संभाषणं चालतात, म्हणजे एका रिपीटरवर (आलेला आवाज पुन्हा जोरात पुढे सोडणारा संच) ब्रेकडाउनचा एक आणि यार्डाचा एक असे दोन मार्ग. गाडीतला संच २५ वॉटचा. यूएचएफ या आखूड लहरींच्या पट्ट्यापेक्षा व्हीएचएफ घ्यायचं कारण ओला ऊस आणि डोंगर. लांब लहर पाल्यातून कमी शोषली जाते आणि डोंगराच्या कडेवरून थोडी जास्त वळते. अडचण एकच, वेळ. केंद्रीय दूरसंचार विभागाकडे अर्ज, लहरींचं वाटप, मास्टच्या जागेची मंजुरी, मग संच. रॉयल्टी अंतर, पट्ट्याची रुंदी आणि चॅनेलच्या संख्येवर ठरते, आणि किती संच हेही अर्जातच लिहावं लागतं. जुलैत अर्ज करून हंगामाला हातात परवाना मिळेल अशी आशा मी कुणालाही दाखवत नाही.

चौथा पर्याय पीओसी. दिसायला वायरलेस, आत सिमकार्ड. बटण दाबून बोलायचं, आवाज मोबाईलच्या जाळ्यातून जातो. लहरींचा परवाना लागत नाही, जीपीएस आतच असतं, आणि एका डीएमआर संचाच्या पैशांत असे दोन-तीन येतात. तोटा उघड आहे: जिथे रेंज नाही तिथे हा संच म्हणजे वजन. शिवाय बटण दाबल्यावर एखादा सेकंद थांबून बोलावं लागतं, नाहीतर पहिला शब्द तुटतो. "गाडी घेऊ नका" मधला 'गाडी' तुटला तर चालतं. "थांबा, पुढं येऊ नका" मधला 'थांबा' तुटला तर चालत नाही.

पाचवा पर्याय काहीच न घेण्याचा. सगळ्यांकडे मोबाईल आहेत, व्हॉट्सॲपचे गट आहेत. हाही मी गंभीरपणे मांडला. त्याला एका तरुण संचालकाने दिलेलं उत्तर मला आवडलं: "सर, गटावर रात्री दोन वाजता कोण बघतं? आणि बघितलं तर गाडी चालवता चालवता बघतं."

चाचणीचे दोन दिवस

ऑगस्टमध्ये एका विक्रेत्याकडून प्रात्यक्षिकाचे संच आणले. त्याच्याकडे त्याची रीतसर परवानगी होती. एक ट्रॅक्टर, एक ट्रक, आणि नकाशावर ठरवलेली ३४ ठिकाणं: प्रत्येक गटातली भरणीची जागा, अवघड वळणं, ओढ्यावरचे पूल, अपघात झालेला तो उतार. प्रत्येक ठिकाणी थांबून पीओसी आणि व्हीएचएफ, दोन्हींवर एकच वाक्य बोलायचं. ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं लिहायचं. 'ऐकू आलं का' असं विचारायचं नाही, कारण माणूस भिडेखातर 'हो' म्हणतो.

पीओसी २७ ठिकाणी चाललं. पडलेली सातही ठिकाणं खोऱ्यांतली. जुन्या मास्टवर तात्पुरता अँटेना चढवून ट्रकमधून व्हीएचएफ ३१ ठिकाणी पोचलं. ट्रॅक्टरवरून मात्र त्याच जागी आवाज खरखरला. कारण अँटेना. गाडीच्या अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो, तो अर्धं काम करतो. ट्रॅक्टरला छप्पर होतं फायबरचं. चुंबकाचा अँटेना त्यावर चिकटेचना, म्हणून कुणीतरी तो सुतळीने बांधला होता. तोच अँटेना मागच्या मडगार्डवर पट्टी ठोकून बसवला तेव्हा फरक लगेच कळला.

ट्रकचं उलटं झालं. केबिनचं छप्पर लोखंडी, जागा आदर्श. तिथेच बसवणार होतो. शेजारी उभा असलेला एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मोळ्या केबिनीवर येत्यात. ही काडी पहिल्या खेपेला मोडंल." भरलेल्या उसाच्या ट्रकचा फोटो मी हजार वेळा पाहिला असेन, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अँटेना समोर आरशाच्या दांडीपाशी गेला. रेंज थोडी घटली, अँटेना टिकला.

निर्णय

मी अहवालात सुचवलं ते असं. पहिल्या हंगामाला फक्त सपाटीवर पीओसी. सगळ्या ३१० गाड्यांना नाही, साठच संच. उसाच्या गाड्या गावाच्या घोळक्याने चालतात. चार-पाच गाड्या एकत्र भरतात, एकत्र निघतात. त्यांतल्या एका गाडीला, मोरक्याला, संच. शिवाय दुरुस्तीच्या जीपा, क्रेन, रुग्णवाहिका, वजनकाटा आणि यार्ड ऑफिस. खोऱ्यांसाठी व्हीएचएफचा अर्ज आत्ताच करायचा आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची. तोवर खोऱ्यांतल्या गाड्यांना रात्री भरणी बंद.

चेअरमनांना साठचा आकडा आवडला नाही. "निम्म्यांना दिलं तर उरलेले माझ्या दारात येतील." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी खर्चापेक्षा मला दुसरी भीती होती: ३१० जण एका वाहिनीवर आले तर कुणाचंच ऐकू येणार नाही. शेवटी मोरक्या कोण हे गावाने ठरवावं आणि दर महिन्याला बदलावं, या अटीवर ते तयार झाले. ती अट त्यांची. माझ्या अहवालातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा ती जास्त टिकली.

खोऱ्यांत रात्रीची भरणी बंद करण्याचा निर्णय मात्र डिसेंबरात गुपचूप मोडला गेला. तोड मागे पडत होती.

बोलण्याचे नियम ठरवताना बराच वेळ गेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कसाधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं गेलं आहे. वायरलेसचा माइक हातातच धरतात. कायद्याचा कीस काढत बसण्यापेक्षा आम्ही साधा नियम केला: चालत्या गाडीने फक्त ऐकायचं. कंट्रोल रूमने चालत्या गाडीला प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचाच असेल तर "अमुक गाडी, बाजूला घेऊन बोला" एवढंच. गाडी बंद पडली तर लाल बटण. बोलायची गरज नाही, जागा पडद्यावर दिसते.

पहिला हंगाम

राज्यात गाळपाची परवानगी १५ ऑक्टोबरपासून होती, पण परतीच्या पावसाने वावरं चिखलात होती. गाड्या सुरळीत निघायला नोव्हेंबर उजाडला.

पहिल्या आठवड्यात कंट्रोल रूममधली मुलगी, ड्रायव्हर तिला ताई म्हणायचे, रडकुंडीला आली. साठातले चाळीस जण उत्तरच देत नव्हते. संच चालू, पडद्यावर हिरवे ठिपके सरकतायत, पण माणूस गप्प. मी एका ट्रॅक्टरवर शेजारी बसून दहा किलोमीटर गेलो. खालून इंजिन, मागून ट्रेलर, आणि मडगार्डवर बांधलेले दोन कर्णे पूर्ण आवाजात. संचाचा स्वतःचा स्पीकर माझ्या कानापासून हातभर अंतरावर होता. मला काहीही ऐकू आलं नाही.

"बोलायचं बरं हाय सायेब," तो म्हणाला, "पर ऐकू कुठं येतंय?"

चाचणीत आम्ही गाडी थांबवून ऐकलं होतं, आणि टेप बंद करून. ही चूक सरळसरळ माझी. संचाची रेंज मोजली, ड्रायव्हरच्या कानापर्यंतचं शेवटचं हातभर अंतर मोजलं नाही.

टेप बंद करा असं फर्मान काढायचा आग्रह झाला. मी विरोध केला, कारण रात्री जागं राहायला तो टेपच लागतो. उपाय काढला कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या एका वायरमनने. त्याने संचाला बाहेरून एक कर्णा जोडला, तो ड्रायव्हरच्या डोक्यामागे बसवला, आणि मध्ये एक रिले घातला: वायरलेसवर आवाज आला की टेपचा पुरवठा तुटतो, आवाज संपला की टेप परत सुरू. दोन आठवड्यांत साठही गाड्यांना बसवला. या रिलेची किंमत संपूर्ण योजनेत सगळ्यांत कमी होती, आणि त्याच्याशिवाय योजना पडली असती.

दुसरी भानगड सिमकार्डांची. जानेवारीत डेटाचं बिल भलतंच फुगलं. काही संचांतली सिम रात्री बाहेर निघून मोबाईलमध्ये जात होती, रांगेत उभं राहून सिनेमे बघायला. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. अठरा तास रांगेत उभा राहणारा माणूस आणखी काय करणार? सिम त्या-त्या संचालाच बांधून घ्यायची सोय मोबाईल कंपनीकडे असते. ती सुरुवातीलाच मागायला हवी होती.

रांगेचं प्रकरण

त्याआधी, डिसेंबरच्या एका संध्याकाळी यार्ड सुपरवायझरने सवयीने माइक उचलला आणि सांगितलं, अमक्या गावच्या तीन गाड्या मधून काढून काट्यावर घ्या. त्या गावात एका संचालकांचं घर होतं. आजवर हा निरोप फोनवर जायचा. ज्याला मिळायचा त्यालाच कळायचा. या वेळी तो साठ कर्ण्यांतून, टेप बंद करून, सगळ्या यार्डाला ऐकू गेला.

अर्ध्या तासात काट्याचा रस्ता अडला. रात्री अकराला शेतकी अधिकारी आले, कार्यकारी संचालक आले. गाड्या नंबराप्रमाणेच सुटल्या.

दुसऱ्या दिवशी मला विचारलं गेलं, "एकाएकाशी खाजगी बोलता येईल असं करता येतं ना?" येतं. पीओसीत ती सोय असतेच, दोन क्लिकचं काम. या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते खरा निर्णयाचा क्षण हा होता, आणि तो तांत्रिक नव्हता. फोन खाजगी असतो, वायरलेस चव्हाट्यावरचा. कारखान्याला खबर जलद हवी होती, चव्हाटा नको होता. ड्रायव्हरांना तोच हवा होता.

मी सुचवलं, की बंद पडलेल्या गाडीशी, आजारी माणसाशी बोलायला खाजगी वाहिनी ठेवा, पण काट्यावर बोलावणं फक्त उघड्या वाहिनीवर. व्यवस्थापनाने आठवडाभर ते लांबवलं. मग मोरक्यांनी मिळून निरोप पाठवला: नंबर उघड्यावर पुकारणार नसाल तर संच जमा करतो. चेअरमनांनी मान्य केलं. मी तांत्रिक कारणं देऊन जे करू शकलो नव्हतो ते त्यांनी एका निरोपात केलं.

तेव्हापासून ताई दर अर्ध्या तासाने पुढचे पंधरा नंबर वाचते. ज्याचा नंबर लांब आहे तो घरी जाऊन जेवून येतो. यार्डातली गर्दी त्यामुळे घटली. गाड्यांची आवक तेवढीच राहिली, पण नुसत्या वाट बघणाऱ्या गाड्या गावातच थांबू लागल्या. पहाटेचं 'नो केन' मात्र तसंच राहिलं. ते तोडीच्या वेळांचं दुखणं होतं, आणि तोडीच्या वेळा टोळ्यांच्या मुकादमांशी बसून ठरवायच्या असतात. त्या बैठका तिसऱ्या हंगामाआधी झाल्या.

दुसरा हंगाम आणि खोरी

व्हीएचएफचा परवाना दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर हाती आला. रिपीटर डोंगरावर ठेवावा की कारखान्याच्या मास्टवर, हा वाद होता. डोंगरावर रेंज सुंदर, पण सौरऊर्जा, कुंपण, वीज पडण्याची भीती आणि पावसाळ्यात तिथे जायला पायवाटही नाही. मास्टवर ३४ पैकी ३१ ठिकाणं आधीच मिळाली होती. उरलेल्या तीन जागी भरणी दोनशे मीटर अलीकडे आणली. पुष्कळ वेळा दगड हलवण्यापेक्षा गाडी हलवणं सोपं असतं.

खोऱ्यांत जाणाऱ्या १८ ट्रकांना २५ वॉटचे संच बसले. इथे दुसरी मोठी चूक झाली. ट्रकची वीज २४ व्होल्टची, संच १२ व्होल्टचा. मध्ये कन्व्हर्टर लागतो. ऑर्डरमध्ये मी 'आवश्यक जोडसाहित्यासह' असं लिहिलं होतं, आणि बसवणाऱ्याने त्याचा सोयीचा अर्थ लावला. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरूनच त्याने पाच ट्रकांत १२ व्होल्ट काढले. संच लगेच चालू झाले, बिल पास झालं. अशाने एक बॅटरी रोज थोडी उपाशी राहते आणि दुसरी अति जेवते. संच रात्रभर चालू, बोलताना सहा-सात अँपिअर ओढणारा. सहा आठवड्यांत एकामागून एक पाचही ट्रक पहाटे चालू होईनात. मालक म्हणाले, वायरलेसने बॅटऱ्या खाल्ल्या. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. कारखान्याने दहाही बॅटऱ्या बदलून दिल्या आणि कन्व्हर्टर बसवले.

दरम्यान सपाटीवर फेब्रुवारीत एका रात्री तशीच घटना घडली जशी पहिल्यांदा घडली होती: भरलेला ट्रेलर, तुटलेला आस, वळण. ड्रायव्हरने लाल बटण दाबलं. पंचवीस मिनिटांत जीप शंकू आणि दिवे घेऊन पोचली. मधल्या वेळात मागून येणाऱ्या गावच्याच दोन गाड्यांनी ताईचं बोलणं ऐकून अलीकडेच थांबून टॉर्च दाखवत वाहनं वळवली. हे आम्ही योजलं नव्हतं. उघडी वाहिनी असल्यामुळे घडलं.

पुन्हा करायचं झालं तर

वजनकाट्याचे आकडे घेऊन मी आधी मुकादमांकडे जाईन, मग विक्रेत्यांकडे. परवान्याचा अर्ज एप्रिलात, हंगाम संपताना, कारण तेव्हाच अडचणी ताज्या असतात आणि सहा-सात महिने हातात असतात. ऑर्डरमध्ये कन्व्हर्टर, फ्यूज, वायरची जाडी, अँटेनाची जागा वेगवेगळ्या ओळींत लिहीन. चाचणी भरलेल्या गाडीवर, चालत्या इंजिनावर, टेप चालू ठेवून करीन.

एका बाबतीत माझं मन अजून दोन्हीकडे आहे. खोऱ्यांतही थांबून थेट व्हीएचएफच घ्यायचं, की सगळ्यांना पीओसी देऊन मोबाईल टॉवरसाठी कंपनीमागे लागायचं? टॉवर आला असता तर गावाचंही भलं झालं असतं. पण टॉवर कधी येईल हे कारखान्याच्या हातात नव्हतं, आणि परवाना निदान अर्जाच्या रांगेत तरी होता.

खाजगी मालकांच्या गाड्यांवर संच बसवायचे तर अनामत घ्यावी का, यावर बराच खल झाला होता. घेतली नाही. पहिल्या हंगामाअखेर साठापैकी ५८ परत आले, दोन माइक तुटलेले. हरवलेल्या दोनांपैकी एक पुढच्या दिवाळीत आपणहून परत आला. मालकाच्या पोरांनी तो शेतातल्या खोपीत खेळायला नेला होता.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला मोरक्यांची बैठक झाली. मी गेलो होतो. रेंजबद्दल कुणाची तक्रार नव्हती, नंबरांबद्दलही नाही. एकाने उठून सांगितलं, की ताई बोलली की टेप बंद होतो ते ठीक, पण परत चालू झाला की गाणं पहिल्यापासून वाजतं. अर्ध्या तासाला एकदा, रात्रभर. आख्खं गाणं कधी ऐकायलाच मिळत नाही. सगळे हसले, पण त्याचा चेहरा गंभीर होता. वायरमन त्यावर काम करतो आहे. पुरवठा तोडण्याऐवजी फक्त कर्ण्याची वायर तोडून पाहिली, तर मधला तुकडा निसटून जातो, आणि तेही त्यांना चालत नाही.